खरवडलेल्या पाइपला हात लावायचा नाही

मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काहीतरी गोड निघेल या आशेनं कुणी वाचत बसायला नको.

आमचं काम जमिनीखालचं. रस्त्याकडेला चर खणून पिवळे पाइप टाकताना सगळ्यांनी बघितलेले असतात आणि सगळ्यांनी त्या चराला शिव्याही घातलेल्या असतात. त्या पाइपांतून घराघरांत गॅस जातो. दोन पाइप जोडायचे तर वरून एक जाड प्लास्टिकची बाही चढवतात, तिला कपलर म्हणायचं. कपलरच्या आत तारा असतात. मशीन लावलं की तारा तापतात, प्लास्टिक वितळतं आणि पाइप आणि कपलर एकजीव होतात. ऐकायला सोपं वाटतं. पण त्याआधी पाइपचं वरचं साल खरवडून काढावं लागतं, स्पिरिटच्या फडक्यानं पुसावं लागतं, आणि पुसल्यावर त्या जागेला बोटसुद्धा लावायचं नसतं. माणसाच्या हाताला घाम असतो, तेल असतं. ते मध्ये राहिलं तर जोड बाहेरून छान दिसतो आणि आतून धरतच नाही. मग केव्हा तरी गॅस सुटतो. कुणाच्या स्वयंपाकघरात सुटेल ते सांगता येत नाही.

हे मला ज्यांनी शिकवलं ते आमचे सर. शिरोली एमआयडीसीत पत्र्याच्या एका शेडमध्ये ट्रेनिंग सेंटर होतं. बावीस पोरं आणि आम्ही दोन मुली. दुसरी दोन आठवड्यांत लग्न ठरलं म्हणून गेली, म्हणजे मी एकटीच. रोज पेठ वडगावहून एसटीनं यायचं, फाट्यावर उतरायचं आणि उन्हातून चालत शेड गाठायचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, शाळेत क्लार्क. आयटीआय झालेली पोरगी नळाच्या कामाला जाणार हे त्यांना पटलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी गॅसचा पाइप म्हणजे नळच. "हे शेवटचं," म्हणाले, "ह्यात न्हाय लागली नोकरी तर माझं ऐकायचं." त्यांचं ऐकायचं म्हणजे काय ते मला माहीत होतं. गडहिंग्लजचं एक स्थळ घिरट्या घालत होतं.

सर अंगानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे. शिकवायचे मात्र असे की विसरू म्हटलं तरी विसरता येऊ नये. पहिल्याच दिवशी खरवडलेला पाइप वर धरून ओरडले, "ह्याला हात लावायचा न्हाय! दुसऱ्याची बायको हाय असं समजा!" पोरं खिदळली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू दुसरीचा नवरा समज." अजून खिदळली. मीही हसले. त्या वयात हसावं लागतं, नाहीतर लगेच 'लई शानी' म्हणतात.

परीक्षा मार्चमध्ये होती. त्या दिवशी पाइपलाइन टाकणाऱ्या ठेकेदाराचा माणूस शेडमध्ये येऊन बसणार होता आणि पास झालेल्यांतून दोघांना तिथल्या तिथं कामावर घेणार होता. मला खात्री होती, त्या दोघांत मी असणार. माझा हात चांगला होता. सर स्वतः एकदा म्हणाले होते, "हिचं खरवडणं बघा रे, कांद्याचं साल काढल्यागत."

सकाळी आईनं डोक्याला तेल घातलं. नेहमीपेक्षा जास्तच, चांगला दिवस म्हणून. घट्ट वेणी घातली. मी ओरडले, अगं टपकतंय. ती म्हणाली, "डोकं थंड राहतंय."

त्या पत्र्याखाली डोकं कसलं थंड राहतंय! माझा नंबर येईपर्यंत बारा वाजले. घामाबरोबर तेल कपाळावर उतरलं, डोळ्यात जायला लागलं. मी पाइप कापला, खूण केली, खरवडला, पुसला. डोळा चुरचुरला म्हणून एकदा कपाळ पुसलं. आणि मग मी दोन बोटांनी पाइप चाचपून बघितला. गुळगुळीत झालाय का, एवढंच. घरात आपण सगळं हातानंच बघतो. पीठ मळलं की हातानं, धान्य वाळलं की हातानं. क्षणभराचं काम. कपलर चढवला, क्लॅम्प आवळला, मशीन लावलं. मला कळलंसुद्धा नाही.

सरांना कळलं होतं. ते समोर उभे होते, त्यांनी डोळ्यानं बघितलं होतं. परीक्षेत मध्ये बोलायचं नाही हा नियम, मान्य. पण जोड गार होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढा वेळ हा माणूस माझ्याकडं बघून मिशीत हसत होता आणि मी येडी, मला वाटलं खूश आहेत.

जोड कापला. पट्टी काढून वाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या लोखंडी जबड्यात, धरली आणि पकडीनं ओढली. चांगला जोड असला की प्लास्टिक ताणतं, लांबतं, पांढरं पडतं, पण सुटत नाही. माझं सुटलं. अलगद, केळ सोलावं तसं. ठेकेदाराच्या माणसानं वहीत रेघ मारली.

इथपर्यंत माझी चूक. माझी म्हणजे माझीच, मी कधी नाकारलेली नाही. नापास केलं, बरोबर केलं. पण पुढं जे केलं त्याचं काय?

सरांनी तो तुकडा उचलला आणि पहिल्या पोराच्या नाकाला लावला. "घे वास. कसला येतोय?" ते पोरगं गडबडलं. "खोबरेल," सर म्हणाले. "घाल पुढं." बावीस पोरांच्या हातातून तो तुकडा फिरला. एकेकानं नाकाला लावला आणि एकेक म्हणाला, "येतोय की सर." अरे कसला येतोय! एवढ्या उष्णतेत तेलाचा काय मागमूस राहणार? पण सर म्हणाले म्हटल्यावर येतोय. ठेकेदाराच्या माणसानंसुद्धा घेतला वास. शेवटी तुकडा माझ्या हातात आला आणि सर म्हणाले, "तूपण घे की. तुझंच हाय."

मी घेतला. का घेतला ते विचारू नका. आजही चिडते ती त्यांच्यावर जेवढी, तेवढीच त्या वास घेणाऱ्या पोरीवर.

त्या दिवसापासून मी तेलवाली.

घरी अण्णांना सांगितलं नाही की काय झालं, फक्त नापास झाले म्हणाले. गडहिंग्लजची माणसं बघायला आली. मी चहा दिला आणि त्यांच्या पोराला विचारलं, "तुम्हाला बायको नोकरी करणारी चालेल का, खड्ड्यात उतरून?" ते पोरगं बिचारं बरं होतं, पण त्याची आई चहा तसाच ठेवून उठली. अण्णा आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी आईनंच विषय काढला, "बसू द्या तिला परत परीक्षेला. तेल मी घातलं हुतं." तिला कुठून कळलं कुणास ठाऊक. वडगावात काय, सगळ्यांना सगळं कळतं.

पुन्हा तेच सेंटर, तेच सर. जवळपास दुसरं सेंटरच नव्हतं. पहिल्या दिवशी मला पुढच्या बाकावर बसवून त्यांनी नव्या बॅचला गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, फक्त माझ्याकडं बघत राहिले. मी सगळं पुन्हा शिकले. या वेळी जोड असा केला की पकडीनं ओढणारा दमला. सरांनी सर्टिफिकेटवर सही केली आणि म्हणाले, "आता शिकलीस." आणि पुढच्या बॅचला तीच गोष्ट सांगितली. त्याच्या पुढच्या बॅचलाही सांगितली.

कोल्हापुरात या धंद्यातली माणसं ती किती. सगळी त्याच शेडमधून बाहेर पडलेली. राजारामपुरीच्या गल्लीत मी पहिल्यांदा चरात उतरले तेव्हा वरून एकजण म्हणाला, "पावणं, जरा बाजूला व्हा, तेलवाली उतरतीया." मी त्याला ओळखतही नव्हते. मंगळवार पेठेत एक फिटर, वयानं माझ्याहून लहान, अगदी सरळ मनानं विचारतो, "म्याडम, ती गोष्ट तुमचीच काय?" माझे जोड कधी फुटले नाहीत. एकही नाही. प्रत्येक जोडावर करणाऱ्याचा नंबर लिहायची पद्धत आहे, शहराच्या पोटात माझा नंबर किती ठिकाणी आहे मोजवत नाही. पण गोष्ट त्याची नाही, गोष्ट तेलाची.

मी डोक्याला तेल लावणं सोडलं. साडेपाच वर्षं एक थेंब नाही. आई म्हणायची, झाडू झालाय नुसता डोक्याचा. होऊ दे म्हटलं.

आणि त्या साडेपाच वर्षांत मी एकच गोष्ट मनात धरली होती, की हा माणूस मला त्याच्या पोरांसमोर नापास झालेला बघायचा आहे. बाकी काही नको. माफी नको, कौतुक नको. बॅच समोर बसलेली पाहिजे आणि तो नापास झालेला पाहिजे.

नुसतं मनात धरून होतंय काय? कामाला लागले. पुण्याला जाऊन परीक्षकाचा कोर्स केला. तोपर्यंत असा नियम आला होता की शिकवणाऱ्यांनीही ठरावीक वर्षांनी बाहेरच्या परीक्षकासमोर जोड करून दाखवायचा, नाहीतर शिकवायचं बंद. यादी निघाली तेव्हा मला सांगली आली होती, कारण ऑफिसात सगळ्यांना माहीत, तिथं माझी मावशी आहे. कोल्हापूर दुसऱ्या एका परीक्षकाला आलं होतं. मी त्याला म्हटलं, "मावशीकडं मी दिवाळीला जाते की. तुम्ही घ्या सांगली." त्यानं आनंदानं घेतली. कोल्हापूरला कुणी का जातंय, तिथले सर लई ओरडतात म्हणे.

मी शेडमध्ये शिरले तेव्हा सर दारातच होते. केस पिकलेले, पोट अजून सुटलेलं. मला बघून क्षणभर थांबले, मग म्हणाले, "व्हय गं, तू हाईस परीक्षक?" मी म्हटलं, "हो. बॅचला बोलवा, बघू दे त्यांना." परीक्षा बंद दाराआडही घेता येते, पण मी बॅच बसवली. पंधरा जण होते, त्यांत चार मुली. त्या पहिल्या बाकावर बसल्या, मलकापूरकडची एक तर वही उघडून.

सरांनी पाइप घेतला. हात अजून तसाच होता, खोटं कशाला बोलू. कापला तो सरळ, खूण केली ती नेमकी. खरवडण्याआधी पाइपवर मार्करनं रेघा मारतात आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत खरवडतात, म्हणजे कुठं साल राहिलं तर दिसतं. त्यांनी मारल्या. खरवडलं. फडक्यानं पुसलं. मग मान वाकडी करून पाइप उजेडाकडं धरला, डोळे बारीक केले. चष्मा खिशात होता. पोरांसमोर चष्मा लावायची लाज वाटत असणार. त्यांना दिसत नव्हतं, रेघ राहिली का गेली ते. आणि मग त्यांच्या अंगठ्यानं, नकळत, अगदी हळूच, पाइपवरून एक फेरा मारला.

माझ्या छातीत धाडधाड व्हायला लागलं. आनंदानं. दुसरं काही नाही, निव्वळ आनंदानं. कपलर चढला, क्लॅम्प आवळला गेला, मशीन सुरू झालं. बॅचमध्ये कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, सरांच्याही नाही. ते फक्त मला माहीत होतं.

जोड गार होईपर्यंत बसावं लागलं. सर म्हणाले, "चहा घेतीस?" म्हटलं नको. "केस कापलंस व्हय?" म्हटलं हो. मला त्या प्रत्येक मिनिटाची चव लागत होती. घड्याळाकडं बघून वाटत होतं, अजून थोडा वेळ जाऊ दे, एवढ्यात संपायला नको.

मग कापला. पट्टी वाइसमध्ये धरली. पकड मीच हातात घेतली आणि ओढली, सगळा जीव लावून ओढली. प्लास्टिक ताणलं, लांबलं, पांढरं पडलं. सुटलं नाही. दुसरी पट्टी घेतली. तीही नाही सुटली. जोड पक्का होता. अंगठा लागूनसुद्धा पक्का! माझ्या दोन बोटांनी माझी नोकरी गेली होती आणि ह्याच्या अख्ख्या अंगठ्याला काही होत नाही, असला कसला न्याय म्हणायचा?

पण माझ्या हातात कागद होता. मी पोरांकडं तोंड केलं आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "नापास. पुसल्यानंतर पाइपला हात लागला. परत खरवडला नाही."

मलकापूरची मुलगी उठली, "पण म्याडम, जोड तर चांगला हाय की." मी उत्तर द्यायच्या आत सर तिच्यावर ओरडले, "खाली बस! हात लागला म्हणजे लागला. आज धरला, उद्या धरंल कशावरनं?" मग अंगठा स्वतःच्या तोंडासमोर धरून बघत राहिले. मी वाट बघत होते. मला तो चेहरा पडलेला बघायचा होता, त्यासाठीच तर आले होते.

आणि हा माणूस हसला. हसला! पोरांकडं वळून म्हणाला, "बघितलंसा? तुम्ही पंधरा जण टकामका बघत हुता, कुणाला दिसलं न्हाय. मला सोताला न्हाय दिसलं. हिला दिसलं. का? कारण हिला मी शिकवलंय. ही माझी पोरगी हाय. वाजवा टाळ्या!"

वाजवल्या की हो टाळ्या. पंधराच्या पंधरांनी. मी नापासाचा कागद हातात धरून मध्ये उभी, आणि टाळ्या त्याला. एका पोरानं हळूच विचारलं, "सर, त्या तेलवाल्या म्याडम ह्याच?" सर म्हणाले, "ह्याच," आणि असं म्हणाले की जणू पदकच दाखवतायत. मला त्या क्षणी ती पकड त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. खरंच सांगते.

कागदाचं शेवटचं पान राहिलं होतं. त्यावर एक प्रश्न असतो, परीक्षक आणि परीक्षार्थी यांचा पूर्वपरिचय आहे काय. असेल तर ती परीक्षा धरत नाहीत, दुसरा परीक्षक येतो आणि पुन्हा घेतो. मी सकाळी एसटीतच 'नाही'वर खूण करून ठेवली होती. खाली दोघांच्या सह्या लागतात आणि परीक्षार्थीला शेरा लिहायला दोन ओळी असतात. बहुतेक लोक त्या मोकळ्या सोडतात.

सरांनी खिशातून चष्मा काढला. आता लावला! पान वरपासून खालपर्यंत वाचलं. माझ्या 'नाही'वर बोट थोडा वेळ थांबलं असं मला वाटलं, पण ते वाचतातच तसे, बोट ठेवून. मग त्या दोन ओळींत त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'परीक्षक माझी विद्यार्थिनी आहे. मला अभिमान आहे.' खाली सही ठोकली, कागद माझ्या हातात दिला आणि पोरांना जेवायला सोडून आपणही त्यांच्या मागोमाग गेले.

त्यांना तो नियम माहीत होता, का नुसती मिरवायची खुमखुमी होती, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारणारही नाही. परीक्षा रद्द झाली. खोटी खूण केली म्हणून मला सहा महिने परीक्षक म्हणून कुठं पाठवलं नाही. सांगलीला गेलेला तो परीक्षक कोल्हापूरला आला, सरांनी चष्मा लावून जोड केला आणि पास झाले. आता ते नव्या बॅचला दोन गोष्टी सांगतात, आधी तेलाची आणि मग अंगठ्याची. दुसरी सांगताना त्यांचा ऊर भरून येतो म्हणे.

लोक विचारतात, शेडमध्ये तू एकटीच होतीस, कागद तुझ्या हातात, पेन तुझ्या हातात. एक ओळ खोडायला काय झालं होतं? कुणाला कळणार होतं?

पेन मी टेकवलं होतं. 'विद्यार्थिनी' या शब्दावरच टेकवलं होतं. बराच वेळ तशी उभी होते, शाईचा ठिपका तिथं अजून आहे. खोटं असतं तर खोडलं असतं.